टस्केगीचे गुरुजी : बुकर टी. वॉशिंग्टन

अध्यापनाचें प्रमाणपत्र हातीं आलें म्हणजे मनुष्य शिक्षक झाला, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या लोकांच्या मुलांस शिकवावयाचें ते काय खातात, कोठें निजतात, कोणाचें देणें लागतात आणि शाळेकडून कशाची आशा करतात, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचें प्रमाणपत्र खेड्यांत फारसें उपयोगी पडत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय लोकांचे थोर शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनीं ही गोष्ट खेड्यांत राहून ओळखली आणि तिच्याच पायावर शिक्षक तयार करणारी एक मोठी संस्था उभारली. ज्या विद्यार्थ्यांस पुढें शिक्षक व्हावयाचें आहे, त्यांनीं तरी हें चरित्र अवश्य ध्यानांत घ्यावें.

बुकरचा जन्म १८५६ सालीं व्हर्जिनिया संस्थानांत, बरोज नांवाच्या एका गृहस्थाच्या शेतावर झाला. त्याची आई जेन ही तेथें गुलाम असून स्वयंपाकाचें काम करी. ज्या लाकडी खोपटांत हीं माणसें राहत तेंच त्या शेताचें स्वयंपाकघर होतें. खालीं मातीची जमीन होती आणि खिडक्यांस कांचा नव्हत्या. १८६१ सालीं मालक वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी करण्यांत आली. तींत ह्या पांच वर्षांच्या मुलाचेंही नांव असून त्याची किंमत ४०० डॉलर मांडलेली होती. मालकाच्या मुलीचीं पुस्तकें शाळेच्या दारापर्यंत पोंचविण्याचें काम बुकरकडे असे. आंत बसून शिकणारीं मुलें त्यास दारांतून दिसत. आंत पाऊल ठेवण्याची मात्र त्यास मुभा नव्हती.

१८६५ सालीं यादवी युद्ध संपलें व गुलामांची सुटका झाली. जेन आपलीं मुलें घेऊन पश्चिम व्हर्जिनियांतील माल्डन गांवीं गेली. तेथें बुकरचा सावत्र बाप मिठाच्या भट्टीवर कामास होता. बुकरची पहिली अंकओळख मिठाच्या पिंपावर झाली. त्याच्या बापानें भरलेल्या पिंपांवर १८ हा आंकडा घालीत. तो पाहून पाहून बुकर वाचावयास व गिरवावयास शिकला. पुढें त्यास दिवसाच्या शाळेंत जाण्याची परवानगी मिळाली, ती अशा अटीवर कीं, पहांटेपासून नऊ वाजेपर्यंत भट्टीवर काम करावें आणि शाळा सुटल्यावर पुन्हां कामावर यावें. शाळा बरीच दूर होती व तीही नवालाच भरे. तेव्हां हा मुलगा कचेरींतील घड्याळाचा कांटा साडेआठावरून नवावर सरकवी आणि धांवत शाळा गांठी. ही युक्ति उघडकीस आल्यावर मुकादमानें तें घड्याळ कुलपांत ठेवलें! शाळेंत हजेरी घेतांना इतर मुलांस दोन दोन नांवें आहेत असें पाहून त्यानें वॉशिंग्टन हें आडनांव आपण होऊन घेतलें.

पुढें कोळशाच्या खाणींत काम करीत असतां दोन मजुरांच्या बोलण्यांतून त्यास हॅम्प्टन येथील शाळेची माहिती कळली. हवाई बेटांतील एका मिशनरी दांपत्याचे पुत्र जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग ह्यांनीं १८६८ सालीं ती स्थापिली होती. मुक्त झालेल्या लोकांतून शिक्षक तयार करणें हा तिचा हेतु असून, तेथें गरीब विद्यार्थ्यास काम करून आपला खर्च भागवितां येई. १८७२ सालीं बुकर सुमारें ५०० मैलांच्या प्रवासास निघाला. वाटेंत पैसे संपले. रिचमंड शहरांत तो रस्त्याच्या कडेच्या फळ्यांखालीं निजला आणि एका जहाजावरील लोखंड उतरविण्याची मजुरी करून त्यानें पुढील प्रवासापुरते पैसे मिळविले. हॅम्प्टनला पोंचला तेव्हां त्याच्या खिशांत अर्धा डॉलर उरला होता व कपडे मळून गेले होते. मुख्य अध्यापिका मिस मॅकी ह्यांनीं त्यास लागलींच दाखल करून घेतलें नाहीं. कांहीं तासांनीं त्यांनीं त्यास एक वर्ग झाडावयास सांगितलें. बुकरनें तो वर्ग तीन वेळां झाडला आणि चार वेळां पुसला. बाईंनीं रुमालानें बांकें व भिंती पुसून पाहिल्या. धुळीचा कण सांपडला नाहीं. तीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली. शाळेची झाडलोट करण्याचें काम त्यास मिळालें व त्यावर त्याचा जेवणाखाण्याचा खर्च भागूं लागला.

हॅम्प्टनमध्यें पुस्तकी विषयांबरोबर नित्य स्नान करणें, दांत घांसणें, अंथरुणावर चादर घालून निजणें ह्याही गोष्टी तो प्रथमच शिकला. १८७५ सालीं शिक्षण पुरें करून तो माल्डनला परतला व तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेवर शिक्षक झाला. सकाळीं आठ वाजतां सुरू झालेलें त्याचें काम रात्रीं दहा वाजेपर्यंत चाले. रात्रींच्या वर्गास दिवसभर राबणारीं मोठीं माणसें येत. रविवारीं दोन ठिकाणीं तो शब्बाथशाळा चालवी. वाचन व गणित ह्यांच्या जोडीस केंस विंचरणें, हात व तोंड धुणें आणि दांत स्वच्छ ठेवणें हेही विषय त्याच्या शाळेंत असत. १८७९ सालीं आर्मस्ट्राँग ह्यांनीं त्यास हॅम्प्टनमध्येंच शिक्षक म्हणून बोलाविलें. दिवसभर काम करून रात्रीं दोन तास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग तेथें त्याच्याकडे होता.

१८८१ सालीं अलाबामा संस्थानांतील टस्केगी गांवीं कृष्णवर्णीय शिक्षकांकरितां ट्रेनिंग स्कूल काढण्याचें ठरलें. तेथील मंडळींनीं आर्मस्ट्राँग ह्यांजकडे मुख्याध्यापकाची मागणी केली व त्यांनीं वॉशिंग्टन ह्यांचें नांव सुचविलें. ह्या वेळीं वॉशिंग्टन अवघे २५ वर्षांचे होते. टस्केगीस येऊन पाहतात तों शाळेस ना इमारत, ना जागा. सरकारनें वर्षास २,००० डॉलर मंजूर केले होते, पण ते केवळ शिक्षकांच्या पगारासाठीं; त्यांतून वीटही विकत घेतां येत नव्हती.

अशा प्रसंगीं दुसरा एखादा मुख्याध्यापक वेळापत्रक आंखीत बसला असता. वॉशिंग्टन ह्यांनीं खेंचराची गाडी जोडली आणि आसपासच्या खेड्यांत हिंडावयास सुरुवात केली. शेतकऱ्यांच्या झोंपड्यांत ते त्यांच्याबरोबर जेवले व त्यांच्याच खोलींत निजले. बहुतेक कुटुंबें एका खोलींत राहत. डुकराचें चरबट मांस आणि मक्याची भाकर हें नित्याचें अन्न. कापूस थेट दारापर्यंत पेरलेला. भाजीपाल्याचा एक वाफाही कोठें दिसेना. मांस आणि मक्याचें पीठ गांवांतील दुकानांतून चढ्या भावानें येई, व पीक हातीं येण्यापूर्वींच तें सावकाराकडे लागलेलें असे. एका घरीं जेवावयास बसलेल्या पांच माणसांत कांटा एकच होता. पण कोपऱ्यांत ६० डॉलर किंमतीचा ऑर्गन उभा असून त्याचे हप्ते चालू होते. शाळा देवळांत किंवा पडक्या खोपटांत भरत, त्याही वर्षांतून थोडे महिने. एका शाळेंत पांच मुलांत एकच पुस्तक होतें. पुढच्या बांकावरील दोघांनीं तें हातांत धरलें होतें, मागचे दोघे त्यांच्या खांद्यांवरून पाहत होते आणि पांचवा ह्या चौघांच्या मागून डोकावत होता.

ह्या प्रवासानें वॉशिंग्टन ह्यांचें स्वतःचें शिक्षण झालें. त्या भागांतील शेंकडा ८५ कृष्णवर्णीय लोक शेतीवर पोट भरणारे आहेत, ही गोष्ट त्यांनीं मनांत पक्की धरली. जो शिक्षक शाळेंत शिकून शेतीस व शेतकऱ्यास तुच्छ मानूं लागेल तो पहिल्याच संधीस शहर गांठील, आणि खेडें होतें तसेंच राहील. तेव्हां शिक्षण असें असावें कीं, तें घेतलेला तरुण खेड्यांत परत जाण्यास लाजूं नये, व गेल्यावर शेतींत, घरांत आणि शाळेंत कांहीं सुधारणा करून दाखवावी, असा त्यांनीं निश्चय केला.

४ जुलै १८८१ रोजीं ३० विद्यार्थ्यांनिशीं शाळा सुरू झाली. जागा म्हणजे एक मोडकें घर व शेजारचें देऊळ. पाऊस आला म्हणजे छप्पर इतकें गळे कीं, एक विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी व पाठ तसाच पुढें चाले. विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण आधींच कोठें ना कोठें शिक्षक होते. कांहींचें वय चाळिशीस टेकलें होतें. पुस्तक जितकें जाड आणि विषयाचें नांव जितकें लांब तितकी विद्या मोठी, असा त्यांचा समज होता. व्याकरणाचे नियम व व्याजबट्ट्याचें गणित त्यांस तोंडपाठ येई, परंतु तें नित्याच्या व्यवहारास कसें लावावें हें त्यांस उमगत नसे. सहा आठवड्यांनीं मिस ऑलिव्हिया डेव्हिडसन ह्या सहाध्यापिका येऊन मिळाल्या. पुढें त्या वॉशिंग्टन ह्यांच्या पत्नी झाल्या व १८८९ सालीं अकालीं वारल्या. संस्थेच्या पहिल्या वर्षांतील वर्गणी त्यांनीं दारोदार हिंडून मिळविली.

गांवापासून सुमारें एक मैलावर १०० एकरांचें जुनें शेत ५०० डॉलरांस मिळत होतें. अर्धी रक्कम हॅम्प्टनच्या खजिनदारांकडून उसनी घेऊन तें घेतलें. तेथील तबेला व कोंबड्यांचें खुराडें साफ करून त्यांत वर्ग भरूं लागले. रान तोडून जमीन लागवडीस आणावयाची होती, परंतु शिक्षक होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस हातीं कुऱ्हाड घेणें कमीपणाचें वाटे. तेव्हां गुरुजींनीं स्वतः कुऱ्हाड उचलली व ते रोज दुपारीं रानांत जाऊं लागले. हळूहळू सर्व विद्यार्थी त्यांच्या मागोमाग आले आणि २० एकर जमीन साफ होऊन पेरली गेली. मुलांस शाळेंत शिकावयास पाठविलें आहे, राबावयास नाहीं, अशीं पालकांचीं पत्रें येत. परंतु नियम बदलला नाहीं.

इमारतीसाठीं विटा हव्या होत्या व गांवांत वीटभट्टी नव्हती. चिखलाच्या खड्ड्यांत गुडघाभर उभें राहून विटा पाडण्याच्या कामास कंटाळून कांहीं विद्यार्थी शाळा सोडून गेले. पहिली भट्टी फुकट गेली, दुसरी गेली, तिसरीही कोसळली. पैसा संपला. सहकाऱ्यांनीं हा नाद सोडून द्यावा असा सल्ला दिला. वॉशिंग्टन ह्यांनीं आपलें घड्याळ मॉन्टगोमेरी शहरीं १५ डॉलरांस गहाण टाकलें व चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र परत मिळालें नाहीं. पुढें ह्या भट्टींतून एका हंगामांत १२ लाख विटा निघूं लागल्या. ज्या गोऱ्या शेजाऱ्यांस कृष्णवर्णीयांची शाळा डोळ्यांपुढें नको होती तेही चांगल्या विटा घेण्यास तिच्या दारीं येऊं लागले. पहिल्या २० वर्षांत ४० इमारती झाल्या. त्यांपैकीं चार सोडून बाकीच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या. खेड्यांत गेल्यावर शाळेस घर नाहीं म्हणून हात जोडून बसावें लागूं नये, हें शिक्षण त्यांस ह्या विटांनीं दिलें.

येथून बाहेर पडलेले शिक्षक खेड्यांत जाऊन राहिले. विल्यम एडवर्ड्स ह्यांनीं १८९३ सालीं अलाबामांतील स्नो हिल येथें एका खोलीच्या लाकडी घरांत शाळा काढली. एलिझाबेथ राइट ह्या विद्यार्थिनीनें १८९७ सालीं दक्षिण कॅरोलिनांतील डेन्मार्क गांवीं शाळा स्थापिली. १८९२ सालीं वॉशिंग्टन ह्यांनीं शेतकऱ्यांची परिषद बोलाविली. ७५ जण येतील अशी अपेक्षा असतां सुमारें ४०० आले. तींत व्याख्यानें देण्यापेक्षां शेतकऱ्यांस बोलतें करण्यावर त्यांचा भर होता. १८९६ सालीं सुप्रसिद्ध कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे टस्केगीस आले, आणि १९०६ सालापासून अवजारें व बियाणें भरलेली एक गाडी तेथून खेडोपाडीं फिरूं लागली. जे शाळेपर्यंत येऊं शकत नव्हते त्यांच्या बांधावर शाळा जाऊन पोंचली.

ह्या थोर पुरुषाच्या कार्यास एक कठीण बाजूही आहे आणि ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. १८९५ सालीं अटलांटा येथील भाषणांत त्यांनीं आपल्या लोकांस राजकीय हक्कांच्या चळवळीपेक्षां उद्योग व शिक्षण ह्यांकडे आधीं लक्ष देण्याचा उपदेश केला. गोऱ्या समाजांत त्यांची वाहवा झाली, परंतु हक्क मिळाले नाहींत. उलट १९०१ सालच्या अलाबामाच्या राज्यघटनेनें बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्यांनीं १९०३ सालीं त्यांच्या ह्या धोरणावर कडक टीका केली. ज्यास मत नाहीं त्याचें शेत आणि घर तरी किती दिवस सुरक्षित राहणार, हा त्यांच्या टीकेचा रोख होता, व तो खोटा म्हणतां येत नाहीं. वॉशिंग्टन ह्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं त्यांचे कागदपत्र अभ्यासकांनीं तपासले, तेव्हां मताधिकाराच्या खटल्यांस ते गुप्तपणें पैसा पुरवीत होते असें उघड झालें. उघड बोलल्यास संस्थेवर व तिच्या शिक्षकांवर कोणतें संकट येईल हें ते जाणून होते. त्या मौनानें शाळा वांचली. पण ज्यांस उघड धीराची गरज होती त्यांस तो त्यांच्याकडून मिळाला नाहीं. शिक्षकाच्या आयुष्यांत असे प्रसंग येतात, आणि त्यांचा हिशेब सोपा नसतो.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजीं टस्केगी येथें त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं संस्थेंत सुमारें १,५०० विद्यार्थी व १०० हून अधिक इमारती होत्या. मृत्यूपूर्वीं तीन वर्षें, १९१२ सालीं, शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड ह्यांच्या साह्यानें त्यांनीं अलाबामाच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधण्याची योजना आंखली होती. तिचा विस्तार होऊन १९३२ सालापर्यंत दक्षिणेंतील १५ संस्थानांत अशा सुमारें ५,००० शाळा झाल्या. योजनेची अट अशी होती कीं, गांवकऱ्यांनींही पैसा, जमीन किंवा श्रम ह्यांच्या रूपानें आपला वांटा घालावा. आणि ज्यांच्या झोंपड्यांत वॉशिंग्टन ह्यांनीं एकच कांटा पाहिला होता तशाच लोकांनीं तो घातला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां एखाद्या खेड्यांतील शाळेवर रुजू होईल. हजेरीपट उघडण्यापूर्वीं चार दिवस त्या गांवांतून हिंडा. ज्या घरचें मूल शाळेंत येत नाहीं त्या घरच्या ओट्यावर बसा, तें कां येत नाहीं हें ऐकून घ्या, आणि मग शिकवावयास लागा.