हिमवीर तेनसिंग

पर्वतावर चढण्यासाठी धैर्य लागते, हे आपण सर्व जाणतो. परंतु पर्वतावरून वेळीच मागे फिरण्यासाठीही धैर्य लागते. एव्हरेस्टच्या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या दोन वीरांपैकी एक म्हणजे तेनसिंग नोर्गे. त्यांच्या अंगी ही दोन्ही प्रकारची धैर्ये होती.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ साली एका गरीब शेरपा कुटुंबात झाला. त्यांची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. त्यांचे बालपण नेपाळमधील खुंबू भागातील थामे या गावी गेले. लहानपणी ते याक राखत. शाळेत जाण्याची संधी न मिळाल्यामुळे त्यांना लिहावाचायला शिकता आले नाही. पण बर्फ, वारा आणि ढग यांची ओळख त्यांना लहान वयातच झाली.

त्या काळी परदेशी गिर्यारोहक हिमालयात येत. त्यांचे सामान वाहून नेण्याचे काम शेरपा करत. हे काम मिळावे म्हणून तरुण तेनसिंग दार्जिलिंगला आले. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांना प्रथम संधी मिळाली. १९३६ आणि १९३८ सालीही ते एव्हरेस्टवर गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते वायव्येकडील चित्राल येथे नोकरी करत होते. तेथे राहून ते हिंदुस्थानीही चांगले बोलू लागले.

हिमालयात चढणाऱ्यांना फार मोठे भय असते ते हिमस्खलनाचे. हिमस्खलन म्हणजे काय? डोंगराच्या उतारावर बर्फाचे थरावर थर साचतात. वरचा थर खालच्या थराला नीट चिकटला नाही, तर तो एकाएकी निसटतो आणि प्रचंड वेगाने खाली येतो. सपाट जागी बर्फ सरकत नाही. उभ्या कड्यावर तो फारसा साचतच नाही. म्हणून ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे असतात. मोठा हिमवर्षाव झाल्यावर पहिले एक-दोन दिवस फार जपावे लागते. वाराही बर्फ उडवून आडोशाच्या बाजूला आणून टाकतो. तेथील थर वरून टणक दिसतो, पण पाय पडताच मोडतो. कडक थंडीत बर्फाचे थर एकमेकांना लवकर धरत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात हा धोका अधिक दिवस टिकतो. शिवाय दिवस लहान असतो आणि झोंबऱ्या वाऱ्याने हातापायांची बोटे गोठून जातात.

या धोक्याचा कडू अनुभव तेनसिंग यांना १९५० साली आला. थॉर्नले, क्रेस आणि मार्श या तीन तरुण इंग्रजांबरोबर ते नंगा पर्वताकडे गेले होते. हा पर्वत ८,१२६ मीटर उंच आहे. १९३७ साली तेथे एका रात्री हिमस्खलनाखाली सात जर्मन गिर्यारोहक आणि नऊ शेरपा, असे सोळा जण गाडले गेले होते. हिवाळ्यात तेथील बर्फ कसा असतो, हिमस्खलने कशी होतात, याचा अभ्यास या तरुणांना करायचा होता.

नोव्हेंबर महिना होता. थंडी वाढत चालली होती. बर्फात पाय खोल रुतत होते. तेनसिंग आणि त्यांचे तीन शेरपा सोबती काही अंतर वर गेले. पुढे जाणे म्हणजे मृत्यूच्या तोंडी जाणे आहे, असे शेरपांना दिसू लागले. त्यांनी पुढे जाण्यास नकार दिला.

तेनसिंग मोठ्या पेचात सापडले. ते शेरपांचे प्रमुख होते. साहेबांची साथ सोडणे त्यांना पटत नव्हते. कामाला नकार देणारा शेरपा अशी अपकीर्ती झाली, तर पुढे काम कोण देणार, हाही प्रश्न होता. परंतु या सोबत्यांच्या घरी त्यांची मुलेबाळे वाट पाहत होती. त्यांच्या जिवाची जबाबदारी तेनसिंग यांच्यावर होती. त्यांनी गिर्यारोहकांना धोका स्पष्टपणे सांगितला आणि परत फिरण्याची विनंती केली. पण ते तरुण ऐकण्यास तयार नव्हते.

डिसेंबरच्या सुरुवातीस थॉर्नले आणि क्रेस वरच्या छावणीत होते. मार्श खाली आला होता. खालून वरचा तंबू दिसत असे. एके दिवशी तो दिसेनासा झाला. तेनसिंग आणि मार्श त्यांच्या शोधासाठी वर निघाले. मघाशी ज्यांनी पुढे जाण्यास नकार दिला होता, तेच तेनसिंग आता दुसऱ्यांचे प्राण वाचवण्यासाठी त्याच बर्फात शिरले! परंतु खोल बर्फ आणि भयंकर थंडी यांपुढे त्यांचा इलाज चालला नाही. ते दोन तरुण पुन्हा कधीच दिसले नाहीत.

१९५२ साली तेनसिंग स्विस गिर्यारोहकांबरोबर एव्हरेस्टवर गेले. मे महिन्यात रेमंड लँबर्ट आणि ते सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत पोहोचले. शिखर अवघे अडीचशे मीटर उरले होते. पण अंगातील शक्ती संपली होती. त्यांनी मागे फिरण्याचा निर्णय घेतला, म्हणून दोघेही जिवंत परतले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते पुन्हा गेले. या वेळी हिवाळा जवळ आला होता. ३१ ऑक्टोबर रोजी वरून बर्फाचे तुकडे कोसळले आणि मिंगमा दोर्जे हा शेरपा मरण पावला. त्यानंतर गिर्यारोहकांनी तो मार्ग सोडला आणि ल्होत्से पर्वताच्या उतारावरून दुसरा, अधिक सुरक्षित मार्ग शोधला. नोव्हेंबरमध्ये ते दक्षिण खिंडीपर्यंत पोहोचले. पण तेथील वाऱ्यात उभे राहणेही कठीण झाले. पुन्हा माघार घ्यावी लागली.

१९५३ साली ब्रिटिश मोहिमेत तेनसिंग यांना बोलावणे आले. एप्रिल महिन्यात एडमंड हिलरी बर्फाच्या एका भेगेत कोसळले. तेनसिंग यांनी क्षणात दोर आवळून धरला आणि हिलरींचे प्राण वाचले. २९ मे रोजी सकाळी हे दोघे शेवटच्या चढाईसाठी निघाले. दक्षिण शिखराखाली एक उभा उतार लागला. वरचा बर्फ टणक होता, पण पायाखाली मोडत होता. हा उतार निसटेल, अशी भीती दोघांनाही वाटली. थांबून त्यांनी एकमेकांचा विचार घेतला. धोका ओळखून, पूर्ण विचाराने त्यांनी तो पत्करला. सकाळी साडेअकरा वाजता ते जगातील सर्वांत उंच शिखरावर उभे होते. पुढे तेनसिंग २९ मे हाच आपला वाढदिवस मानू लागले.

१९५४ साली दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. तेथे तेनसिंग प्रत्यक्ष चढाईचे शिक्षण देणारे पहिले संचालक झाले. ज्यांना स्वतः शाळा मिळाली नाही, त्यांनी शेकडो तरुणांना बर्फ कसा ओळखावा, दोर कसा धरावा आणि केव्हा थांबावे हे शिकवले. ९ मे १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तेनसिंग यांचे नाव एव्हरेस्टमुळे अमर झाले. पण नंगा पर्वतावरचा त्यांचा नकारही लक्षात ठेवा. त्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर गेलेले तिन्ही शेरपा सुखरूप आपल्या घरी परतले.

स्वाध्याय

१. हिमस्खलन कशामुळे होते?
२. नंगा पर्वतावर तेनसिंग पेचात का सापडले?
३. मिंगमा दोर्जेच्या मृत्यूनंतर गिर्यारोहकांनी काय केले?
४. १९५० साली तेनसिंग मागे फिरले, पण १९५३ साली त्यांनी धोका पत्करला. या दोन प्रसंगांत तुम्हाला कोणता फरक दिसतो? पाच-सहा वाक्यांत लिहा.