डॉ. आयडा स्कडर : एका रात्रीने बदललेली दिशा



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, आता पुढे काय? मार्क, फी, पगार यांचा हिशोब आपण करतोच. तो करायलाच हवा. पण त्याआधी आपल्या मुलांना आयडा स्कडर यांची गोष्ट जरूर सांगा.

आयडाचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी तमिळ मुलखातील राणीपेट येथे झाला. तिचे घराणे अमेरिकन मिशनऱ्यांचे. आजोबा डॉक्टर, वडीलही डॉक्टर. लहानपणीच तिने दुष्काळ पाहिला, उपाशी मुलांच्या हातावर भाकरीचे तुकडे ठेवले. पुढे कुटुंब अमेरिकेला गेले, पण आईवडील पुन्हा भारतात परतले आणि ती एकटी मागे राहिली. तेव्हा तिचे ठरलेच होते बरं का! मिशनरी व्हायचे नाही. अमेरिकेतच शिकायचे, लग्न करायचे, सुखाने राहायचे.

आई आजारी पडली म्हणून ती १८९० मध्ये भारतात आली, तीही थोड्याच दिवसांसाठी. वडिलांचे काम तेव्हा तिंडिवनमला होते. तिथे एका रात्री तीन माणसे एकामागून एक दारात आली. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक दुसऱ्या हिंदू जातीचा. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाने वडिलांना न्यायला सांगितले, पण परक्या पुरुषाने बायकोला तपासावे हे तिघांनाही मान्य नव्हते. त्यांना बाई हवी होती आणि आयडाला तर वैद्यकीतले काहीच येत नव्हते. सकाळी कळले, त्या तिन्ही बायका गेल्या.

विचार करा, केवढी असेल ती मुलगी? जेमतेम विशीतली. ती रात्र तिने प्रार्थनेत काढली. ख्रिस्ती लोक ज्याला देवाचे पाचारण म्हणतात, ते तिला त्या तीन हाकांमध्ये ऐकू आले. घराण्याच्या परंपरेने जे झाले नाही, ते समोर दिसलेल्या गरजेने झाले. डॉक्टर व्हायचे, असे तिने आईवडिलांना सांगून टाकले.

पण इथेच गोष्ट संपत नाही. नुसता कळवळा असून भागत नाही, हे तिला त्या रात्रीनेच शिकवले होते. ती अमेरिकेला परतली, चिकाटीने शिकली आणि १८९९ मध्ये कॉर्नेल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. निर्णयाला एक रात्र लागली, तयारीला मात्र कितीतरी वर्षे गेली.

१९०० मध्ये डॉ. आयडा वेल्लोरला आल्या. त्याच वर्षी वडील वारले. बंगल्यातल्या लहानशा खोलीत त्यांनी दवाखाना सुरू केला. अमेरिकेतून मिळालेल्या १० हजार डॉलरच्या देणगीतून १९०२ मध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहिले. पण एकटी डॉक्टर किती जणींना पुरणार? म्हणून १९०९ मध्ये नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले, आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. आज आपण ज्याला वेल्लोरचे सीएमसी म्हणतो, ते यातूनच वाढले. त्यांनी लग्न केले नाही. २४ मे १९६० रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, कोडाईकनालला त्यांचे निधन झाले.

आता आपल्या वर्गाकडे, आपल्या घराकडे वळू या. प्रत्येक मुलाच्या आयुष्यात अशी रात्र येईलच असे नाही. आणि मुलांचे पाचारण आपण ठरवून देऊ शकत नाही, कितीही वाटले तरी! आपण एवढे करू शकतो, त्यांना दुसऱ्याची अडचण जवळून पाहू द्यायची. आजारी शेजारी, सरकारी दवाखान्यातली रांग, वर्गातला मागे पडलेला सोबती. मग 'तू कोण होणार?' या प्रश्नाला जोडून आणखी एक विचारायचे, 'तू कोणाच्या उपयोगी पडणार, आणि त्यासाठी तुला काय शिकावे लागेल?'

उत्तर लगेच नाही आले तरी चालेल. आयडाचेही पहिले उत्तर वेगळेच होते ना!