व्हीआर हेडसेटचे मूळ १८३८ सालात! कोण होते चार्ल्स व्हीटस्टन?

बारावीच्या भौतिकशास्त्रात व्हीटस्टन ब्रिजवरचे गणित सोडवलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असते. चार रेझिस्टन्स, मधे गॅल्व्हानोमीटर, दोन-तीन मार्क हमखास. गंमत म्हणजे या ब्रिजची मूळ कल्पना व्हीटस्टन यांची नव्हतीच. जी कल्पना खरोखर त्यांची होती, ती आज व्हीआर हेडसेटच्या रूपात गेमिंगपासून सर्जरीच्या सरावापर्यंत सगळीकडे वापरली जाते. तिथे मात्र त्यांचे नाव कुठेच नाही.

वाद्यांच्या दुकानातला मुलगा

चार्ल्स व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळच्या बार्नवूड येथे झाला. घरचा व्यवसाय संगीताचा. वडील बासरी शिकवत, तर काकांचे लंडनमध्ये वाद्यांचे दुकान होते. चार्ल्स किशोरवयातच या दुकानात उमेदवारीला लागले. विक्रीत त्यांचे मन फारसे रमत नसे. वाद्यातून आवाज निघतो कसा आणि तो एका जागेहून दुसऱ्या जागी जातो कसा, हेच त्यांच्या डोक्यात असे.

वयाच्या १९व्या वर्षी, १८२१ मध्ये, त्यांनी लंडनकरांना एक चमत्कार दाखवला. छताला तारेने टांगलेले एक लायर, म्हणजे वीणेसारखे तंतुवाद्य, कोणी हात न लावता वाजू लागले. खरे वादक वरच्या मजल्यावर होते. तिथल्या वाद्यांची कंपने तारेतून खाली येत आणि लायर स्वतःच वाजतेय असा भास होई. आवाज एकीकडे तयार होतो आणि ऐकणाऱ्याला तो भलतीकडून आल्यासारखा वाटतो. आजचे हेडफोन थ्रीडी ऑडिओच्या नावाखाली अशीच फसवणूक करतात, फक्त तारेऐवजी सॉफ्टवेअरने.

विद्यापीठाची पदवी नसतानाही १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण स्वभाव कमालीचा बुजरा होता. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांना धडकी भरे. त्यामुळे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या संशोधनावरची अनेक व्याख्याने त्यांचे मित्र मायकेल फॅरेडे यांनीच दिली.

दोन डोळे, दोन चित्रे

एक साधा प्रयोग करून पाहा. अंगठा चेहऱ्यासमोर धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसेल. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ सेंटिमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोघांना दिसणारे चित्र थोडे वेगळे असते. हे प्राचीन काळापासून माहीत होते. पण अभ्यासकांना हा फरक म्हणजे अडचण वाटे. चित्रे दोन असताना आपल्याला वस्तू एकच का दिसते, असा त्यांचा प्रश्न होता.

व्हीटस्टन यांनी हा प्रश्नच उलटा केला. हा फरक म्हणजे अडचण नसून खोली कळण्याचे साधन असेल तर? तसे असेल, तर दोन सपाट चित्रांतूनही घन वस्तू दिसायला हवी.

ते तपासण्यासाठी त्यांनी केलेले उपकरण अगदी साधे होते. दोन आरसे एकमेकांना काटकोनात जोडायचे, ती जोडाची कड नाकासमोर ठेवायची, डाव्या हाताला एक चित्र, उजव्या हाताला दुसरे. डाव्या डोळ्याला आरशातून फक्त डावे चित्र दिसते, उजव्याला फक्त उजवे. चित्रे होती नुसती रेषांची. ठोकळा डाव्या डोळ्याला कसा दिसेल आणि उजव्याला कसा, एवढेच त्यात काढलेले. छटा नाहीत, रंग नाहीत. सावलीमुळे खोली भासते असे म्हणायला कोणाला जागाच ठेवली नव्हती. तरीही पाहणाऱ्यासमोर ठोकळा हवेत उभा राहिला.

२१ जून १८३८ रोजी रॉयल सोसायटीत हा शोधनिबंध वाचला गेला. उपकरणाला त्यांनी नाव दिले स्टिरिओस्कोप. खोली डोळ्यांत नाही, तर मेंदूत तयार होते आणि मेंदूला योग्य ती दोन चित्रे पुरवली की नसलेली वस्तूही समोर उभी करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. फोटोग्राफीची घोषणा व्हायला तेव्हा अजून काही महिने बाकी होते! छायाचित्रे काढणे शक्य होताच व्हीटस्टन यांनी हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्याकडून स्टिरिओस्कोपसाठी छायाचित्रांच्या जोड्या करून घेतल्या.

श्रेयावरून भांडण

आरशांचे उपकरण अवजड होते, घरोघरी जाण्यासारखे नव्हते. १८४९ मध्ये कॅलिडोस्कोपचे जनक, स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून हातात मावेल असा स्टिरिओस्कोप मांडला. तो तयार झाला पॅरिसमध्ये आणि १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने त्यात रस घेतल्यावर त्याची लाटच आली. लाखो नग खपले. लोक दिवाणखान्यात बसून पिरॅमिड आणि आल्प्स पाहू लागले. पुढे अमेरिकी कंपन्यांनी देशोदेशीच्या चित्रांचे संच शाळांना विकले. वर्गात बसून सहल घडवण्याची ही कल्पना आजच्या शैक्षणिक व्हीआर ॲप्सच्या जाहिरातींतही जशीच्या तशी सापडते.

ब्रूस्टर एवढ्यावर थांबले नाहीत. स्टिरिओस्कोपचा शोध व्हीटस्टन यांचा नव्हेच, असा दावा ते करू लागले. १८५६ मध्ये लंडनच्या द टाइम्समध्ये दोघांचे जाहीर पत्रयुद्ध रंगले. ब्रूस्टर यांनी एडिंबरोच्या एका गणित शिक्षकाचे नाव पुढे केले. पुढे तर एका जुन्या इटालियन चित्रकाराची रेखाटनेही पुरावा म्हणून मांडली. व्यासपीठावर बोलायला घाबरणारे व्हीटस्टन कागदावर मात्र ठाम होते. त्यांच्या प्रयोगाचा उल्लेख १८३३ मधल्या एका शरीरशास्त्राच्या पुस्तकातच आला होता. शास्त्रज्ञांनी कौल त्यांच्या बाजूने दिला. बाजारात मात्र ब्रूस्टर यांचीच रचना चालली. कॉन्सर्टिना या वाद्याचे आणि तारयंत्राचे पेटंट घेणाऱ्या व्हीटस्टन यांनी स्टिरिओस्कोपचे पेटंट घेतलेच नव्हते.

हेडसेटमध्ये काय उरले?

तत्त्व व्हीटस्टन यांचे, भिंगे ब्रूस्टर यांची. कोणताही व्हीआर हेडसेट उघडला तर आत हेच सापडते. २०१४ मध्ये आलेला गुगल कार्डबोर्ड म्हणजे तर पुठ्ठा, दोन भिंगे आणि मोबाइल, बस्स. खरी भर पडली ती १९६८ मध्ये. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोके वळेल तसे चित्र बदलणारा, संगणकाला जोडलेला डिस्प्ले डोक्यावर चढवला.

हेडसेट वापरून डोळे शिणतात, त्याचे कारणही याच विषयातले. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातले भिंग फोकस बदलते. हेडसेटमध्ये डोळे वस्तूप्रमाणे वळत राहतात, फोकस मात्र एकाच अंतरावर अडकतो. मेंदूला दोन विसंगत संदेश मिळतात. डोळ्यांच्या या वळण्याचा खोलीशी नेमका संबंध काय, हे शोधण्यासाठी व्हीटस्टन यांनी १८५२ मध्ये बाजू हलवता येतील असा स्टिरिओस्कोप केला. चित्राचा आकार तोच ठेवून डोळे जास्त आत वळवले तर वस्तू लहान भासते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी त्यांनी मांडलेला स्यूडोस्कोप डाव्या-उजव्याची अदलाबदल करी, म्हणजे कपाची आतली बाजू फुगीर दिसे.

आरशांचा मूळ स्टिरिओस्कोपही मेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे विश्लेषक विमानातून काढलेल्या छायाचित्रांच्या जोड्या स्टिरिओस्कोपखाली पाहून जर्मन शस्त्रांचे तळ शोधत. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या सर्व्हे लॅबमध्ये आजही मिरर स्टिरिओस्कोप दिसतो. हवाई छायाचित्रांतले डोंगर त्यातून टेबलावर उभे राहतात.

तार, ब्रिज आणि सायफर

हयातीत व्हीटस्टन यांचे नाव झाले ते तारयंत्रामुळे. मद्रासच्या लष्करात नोकरी करून मायदेशी परतलेले विल्यम कुक यांच्यासोबत त्यांनी १८३७ मध्ये विद्युत तारयंत्राचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लंडनच्या युस्टन ते कॅमडेन टाउन या रेल्वेमार्गावर त्याची चाचणी झाली. पुढे श्रेयावरून इथेही बिनसले आणि १८४१ मध्ये लवाद नेमावा लागला.

ब्रिजचे सर्किट १८३३ मध्ये सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी मांडले होते. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये त्याचा उपयोग सर्वांना दाखवला आणि श्रेय ख्रिस्ती यांनाच दिले. तरी नाव चिकटले व्हीटस्टन यांचे. उलट क्रिप्टोग्राफीच्या पेपरला हमखास येणारा प्लेफेअर सायफर १८५४ मध्ये तयार केला व्हीटस्टन यांनी, पण त्यावर नाव बसले त्याचा प्रचार करणारे त्यांचे मित्र लायन प्लेफेअर यांचे.

१८६८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. समुद्राखालच्या तारांसाठीच्या यंत्रावर काम सुरू असताना १९ ऑक्टोबर १८७५ रोजी, ७३व्या वर्षी, ब्राँकायटिसने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.