पार्लमेंटचे स्मृतिकार

१८ मार्च २०१९ रोजी ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये सभापती जॉन बर्को यांनी थेरेसा मे यांच्या सरकारला अनपेक्षित धक्का दिला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा जो करार सभागृहाने दोनदा फेटाळला होता, तोच करार फरक न करता त्याच अधिवेशनात पुन्हा मतास टाकता येणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. आधार होता तो १६०४ सालापासून चालत आलेल्या एका प्रघाताचा. तो नोंदलेला होता ‘अर्स्किन मे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जाडजूड ग्रंथात. पंतप्रधान मे यांना त्या दिवशी अडविले ते दुसऱ्या एका मे यांनी, तेही त्यांच्या निधनानंतर तब्बल १३३ वर्षांनी.

ब्रिटनला आपल्यासारखी एका पुस्तकात बांधलेली राज्यघटना नाही. काही कायदे, काही न्यायनिवाडे, काही ठराव आणि उरलेले सारे पायंडे, असा तो संसार आहे. त्यामुळे आज नेमका नियम कोणता, हे शोधून काढणे हेच तेथे एक स्वतंत्र काम होऊन बसते. सर थॉमस अर्स्किन मे यांनी हे काम सोळाव्या वर्षापासून अखेरच्या आजारापर्यंत केले. आपल्याकडे धर्मशास्त्रात स्मृतिकार आणि निबंधकार विखुरलेली वचने एकत्र करून व्यवहारात कोणते लागू आहे ते सांगत. मे यांचे काम त्याच जातीचे. मात्र त्यांची श्रुती दरवर्षी बदलत होती.

८ फेब्रुवारी १८१५ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेडफर्डच्या शाळेत झाले. १८३१ मध्ये तत्कालीन सभापती चार्ल्स मॅनर्स-सटन यांनी त्यांना कॉमन्सच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल म्हणून नेमले. वेळ मोठी विलक्षण होती. मताधिकाराच्या सुधारणेवरून देश ढवळून निघाला होता आणि १८३२ मध्ये तो ऐतिहासिक कायदा मंजूर झाला. दोनच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री, पार्लमेंटची जुनी इमारत जळाली. राजकोषाचा हिशेब ठेवण्याच्या जुन्या लाकडी पट्ट्या भट्टीत जाळताना ती आग लागली होती. कॉमन्सच्या कितीतरी जुन्या कागदपत्रांची त्या रात्री राख झाली. पायंड्यांवर चालणाऱ्या सभागृहाच्या दृष्टीने ही हानी भिंती कोसळण्यापेक्षा मोठी होती. एकोणीस वर्षांच्या त्या ग्रंथपालाच्या मनावर तिचा ठसा उमटला असल्यास नवल नाही.

१८३८ मध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. त्याच सुमारास पार्लमेंट आणि न्यायालये यांच्यात एक खडाजंगी चालू होती. तुरुंग निरीक्षकांच्या अहवालात स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाच्या एका पुस्तकाला अश्लील ठरविले होते. हा अहवाल कॉमन्सच्या आदेशानुसार हॅन्सार्ड यांनी छापला, म्हणून स्टॉकडेलने हॅन्सार्डवर बदनामीचा दावा लावला. सभागृहाचा आदेश हे संरक्षण पुरेसे नाही, असा निर्णय १८३९ मध्ये क्वीन्स बेंच न्यायालयाने दिला. पुढे दाव्याची रक्कम वसूल करणाऱ्या शेरीफांनाच कॉमन्सने जानेवारी १८४० मध्ये कोठडीत टाकले! न्यायालयाचा हुकूम पाळावा तर सभागृह पकडते, न पाळावा तर न्यायालय, अशी त्या बिचाऱ्यांची गत झाली. त्याच वर्षी नवा कायदा करून हा पेच सोडविण्यात आला. सभागृहाचे विशेषाधिकार नेमके कोठवर पोचतात, याचे सर्वांना पटेल असे उत्तर मात्र कोणाजवळच नव्हते.

हाताशी होते ते जॉन हॅट्सेल यांचे पूर्वदाखल्यांचे खंड, पण ते अठराव्या शतकातले. १८४४ मध्ये मे यांनी पार्लमेंटचे कायदे, विशेषाधिकार, कामकाज आणि प्रघात यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय होते एकोणतीस आणि हुद्दा होता सहायक ग्रंथपालाचा. केवळ दाखल्यांची जंत्री न देता विधेयक कसे येते, सूचना कशी मांडतात, मतविभागणी कशी होते, हे त्यांनी क्रमवार मांडले. नव्या सदस्याला आणि मुरलेल्या मंत्र्यालाही ते हाताशी हवेसे वाटले. पुढे जपानी आणि हंगेरियनसारख्या भाषांतही त्याचे अनुवाद झाले.

भारतात तर या ग्रंथाला एका अर्थाने घटनात्मक महत्त्व आले. आपल्या राज्यघटनेच्या १०५ आणि १९४ व्या अनुच्छेदांनी संसदेचे व विधिमंडळांचे विशेषाधिकार, वेगळा कायदा होईपर्यंत, घटना लागू झाली त्या वेळी हाऊस ऑफ कॉमन्सला होते तेवढे ठरविले होते. ते किती होते हे पाहायचे कोठे? अर्थातच मे यांच्या ग्रंथात. १९५८ मध्ये पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहार विधानसभेचा, आपल्या कामकाजातील वगळलेल्या भागाचे वृत्त छापू न देण्याचा अधिकार मान्य केला, तो कॉमन्सच्या याच परंपरेवरून. वृत्तपत्रात काम करणाऱ्या कोणालाही हा निवाडा वाचताना आजही थोडे अस्वस्थ व्हायला होते. १९६४ च्या केशव सिंह प्रकरणातही या ग्रंथाचा मोठा ऊहापोह झाला. कॉमन्सचा उल्लेख या अनुच्छेदांतून निघाला तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने.

१८४७ पासून मे यांच्याकडे खासगी विधेयकांच्या अर्जांची तपासणी आली. तो रेल्वेच्या वेडाचा काळ. प्रत्येक कंपनीला रूळ टाकण्यासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे आणि असे शेकडो अर्ज येऊन पडत. (बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी १८५३ मध्ये ज्या जी.आय.पी. कंपनीने धाववली, तीसुद्धा १८४९ च्या अशाच कायद्याने उभी राहिली होती.) या कामात त्यांना यंत्रणेचे दोष जवळून दिसले. एकाच विधेयकावर निरर्थक प्रश्न पुन्हा पुन्हा मतास टाकले जात. कामाचा वेळ त्यात जाई. १८४९ मध्ये त्यांनी सुधारणांच्या सूचना करणारी पुस्तिका लिहिली, १८५४ मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त कायदे करण्याच्या यंत्रणेवर टीका केली आणि त्याच वर्षी सभागृहाच्या नियमांचे छोटेखानी संकलनही केले. म्हणजे नियम नोंदविणारा हा गृहस्थ नियम बदलावेत म्हणूनही खटपट करीत होता. बदल झाला की पुन्हा आपल्याच ग्रंथाची नवी आवृत्ती काढण्याचे काम त्याच्याच माथी येई.

१८५६ मध्ये ते सहायक क्लार्क झाले. क्लार्क म्हणजे येथे कारकून नव्हे. आपल्याकडील विधिमंडळाच्या सचिवाच्या तोडीचे ते पद. १८६१ ते १८६३ या काळात त्यांनी तिसऱ्या जॉर्जच्या राज्यारोहणापासून म्हणजे १७६० पासूनच्या शंभर वर्षांचा इंग्लंडचा घटनात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील प्रगतीवरचा भाबडा विश्वास आज जुनाट वाटतो. शिवाय १८६० ला लावलेला पूर्णविराम टिकलाच नाही. १८६७ मध्ये मताधिकार शहरी कामगारांपर्यंत गेला, १८६९ मध्ये आयर्लंडमधील चर्चचा राजाश्रय काढून घेण्यात आला आणि १८७१ च्या आवृत्तीत गेल्या दहा वर्षांवर पुरवणी प्रकरण जोडणे त्यांना भाग पडले. त्यांच्या पश्चात फ्रान्सिस हॉलंड यांनी हाच इतिहास १९११ पर्यंत, म्हणजे लॉर्ड्सचे पंख छाटणाऱ्या कायद्यापर्यंत आणून सोडला.

नवे कायदे होत असताना जुने मेलेले कायदेही पुस्तकात पडून राहत होते, ही दुसरी अडचण होती. शतकानुशतकांचे कालबाह्य कायदे वेचून रद्द करण्याचे कंटाळवाणे काम ज्या समितीकडे होते, तिचे अध्यक्षपद मे यांनी १८८४ पर्यंत सांभाळले. १८७० पासून सुधारित कायदेसंग्रहाचे खंड निघू लागले, आणि कोणता कायदा जिवंत आहे हे सामान्य वकिलालाही कळू लागले.

१८७१ मध्ये ते कॉमन्सचे प्रमुख क्लार्क झाले. खरी कसोटी पुढेच होती. ३ मे १८८० रोजी नॉर्थॅम्प्टनचे नवनिर्वाचित सदस्य आणि उघड नास्तिक असलेले चार्ल्स ब्रॅडलॉ त्यांच्या मेजापाशी आले आणि ईश्वराच्या नावे शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क त्यांनी मागितला. सभागृहाने तो नाकारला. नंतर शपथ घेतो म्हटले तर तीही घेऊ दिली नाही. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत होते आणि सभागृह त्यांना बाहेर काढत होते. विशेषाधिकाराचे हे टोक ग्रंथात लिहिताना सोपे होते, डोळ्यांसमोर पाहताना नव्हते. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी त्यांना शपथ घेऊ दिली. प्रतिज्ञेचा कायदा झाला तो १८८८ मध्ये. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला पाहुणे म्हणून आले होते.

दुसरा पेच पार्नेल यांच्या आयरिश सदस्यांनी टाकला. सभागृहाचे नियम मोडून नव्हे, तर ते काटेकोर पाळून त्यांनी कामकाज रोखून धरले. ३१ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेली बैठक २ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत, एकेचाळीस तासांहून अधिक काळ चालली. शेवटी सभापती हेन्री ब्रँड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा थांबवून मत घेतले. अर्स्किन मे यांच्या ग्रंथात याला आधार नव्हता, आणि ग्रंथकार तर सभापतींच्या पुढ्यातच बसले होते! पुढल्याच वर्षी चर्चाबंदीचा रीतसर नियम झाला. १८८३ मध्ये मे यांनी नव्या नियमांना धरून नववी आवृत्ती काढली. त्यांच्या हातची ती अखेरची.

प्रकृती खालावल्याने एप्रिल १८८६ मध्ये ते निवृत्त झाले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना बॅरन फार्नबरो ही सरदारकी मिळाली आणि १७ मे रोजी त्यांचे निधन झाले. लुइझा यांच्याशी १८३९ मध्ये झालेल्या विवाहातून त्यांना अपत्य नव्हते, त्यामुळे आठवडाभराचा तो किताबही तेथेच संपला. केंब्रिजशायरमधील चिपनहॅम येथे त्यांचे दफन झाले. ग्रंथाची दहावी आवृत्ती १८९३ मध्ये इतरांनी संपादित केली. पंचविसावी २०१९ मध्ये आली आणि इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली झाली. मुखपृष्ठावर नाव अजूनही अर्स्किन मे यांचेच आहे.