गाव आधी की माणूस आधी? घटना लिहिताना बाबासाहेबांनी कोणाला धरलं

साल १९०१. सातारा जिल्ह्यातलं मसूर रेल्वे स्टेशन. नवे कपडे घातलेली काही पोरं गाडीतून उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावावर खजिनदार होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली. पण पत्र वेळेत पोचलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणीच आलं नाही. पोरं महार आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि कासरा पोरांनीच धरायचा, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला.

रात्री टोलनाक्यावर गाडी सोडली. डब्यात भाकरी होती, पण प्यायला पाणी मिळेना. मुसलमान असल्याचं सांगूनही नाकेवाल्याने पाणी दिलं नाही. पोरं उपाशीच झोपली. त्यातला नऊ-दहा वर्षांचा भीमा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ही गोष्ट इथे सांगायचं कारण, ४७ वर्षांनी दिल्लीत घटना समितीत प्रश्न निघाला की देशाचा पाया काय धरायचा, गाव की माणूस? आणि उत्तर देण्याची जबाबदारी त्याच भीमावर होती.

समितीत जागाच नव्हती

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील सैन्यात सुभेदार. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले, बॅरिस्टर झाले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसोबत जाऊन त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. लढा पुन्हा पाण्याचाच होता.

१९४६ मध्ये घटना समिती निवडायची वेळ आली. सदस्य थेट जनता नाही, तर प्रांतांचे आमदार निवडणार होते. मुंबई प्रांतात बाबासाहेबांच्या पक्षाकडे तेवढी मतं नव्हती. मग बंगालमधल्या जोगेंद्रनाथ मंडल आणि सहकाऱ्यांनी त्यांना तिकडून निवडून दिलं. पण फाळणी ठरली, बंगाल तुटला आणि ती जागा गेली. तोवर त्यांचं काम काँग्रेस नेत्यांनीही पाहिलं होतं. समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते पुन्हा समितीत आले.

१५ ऑगस्टला ते पहिल्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडण केलं, तिच्याच सरकारात. २९ ऑगस्टला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पहिला कच्चा मसुदा सल्लागार बी. एन. राव यांनी करून ठेवला होता. पण सातांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचा मृत्यू झाला, कोणी दुसऱ्या कामात, कोणी आजारी. कामाचा मोठा भार बाबासाहेबांवरच पडला. मधुमेहाने शरीर पोखरलेलं, पायांच्या दुखण्याने झोप नाही, तरी काम थांबलं नाही.

गावावरून पेटलेला वाद

४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी मसुदा सभागृहात मांडला. गांधीजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मसुद्यात ग्रामपंचायतीचं नावच नाही, यावर बरेच सदस्य नाराज होते. गावाने पंचायत निवडायची, पंचायतीने वरचं मंडळ निवडायचं, असं पायरी-पायरीने दिल्लीपर्यंत जावं, असा एक विचार तेव्हा जोरात होता.

बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं घर, असं कडक मत त्यांनी सभागृहात मांडलं. मसुद्याने गाव सोडून एकेक माणूस हाच घटक धरला, याचं त्यांना समाधान होतं. सभागृहात आरडाओरड झाली. शेतकऱ्यांच्या देशात गावाचा अपमान केला, असं अनेकांनी सुनावलं.

पण गाव एक धरलं की गावात ज्याचा आवाज मोठा, तोच गावाचा आवाज ठरतो. गावकुसाबाहेरच्याचं, मजुराचं, बाईचं कोण ऐकणार? इंग्रजांच्या काळात मत ठरावीक मालमत्ता, कर किंवा शिक्षण असणाऱ्यालाच होतं. नव्या घटनेत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक मत मिळालं. पाटलालाही एक आणि त्याच्या सालगड्यालाही एकच.

कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घेऊन तिथे जातीवरून अडवायला बंदी आली. कलम १७ ने अस्पृश्यताच संपवली. टोलनाक्यावर पाणी न मिळालेल्या पोराला यापेक्षा मोठं काय मिळणार होतं?

मात्र ते अडून बसले नाहीत. २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी पंचायती उभारण्याची दुरुस्ती मांडली, ती बाबासाहेबांनी लगेच स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. त्यावर कोर्टात दाद मागता येत नव्हती, तरी पंचायतीचं बी तिथे पडलं.

मत दिलं, त्यांनीच पाडलं

साडेसात हजारांवर दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात चर्चेला आल्या. २६ नोव्हेंबर १९४९ ला ३९५ कलमांची घटना मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली.

पुढची वाट सोपी नव्हती. बायकांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईत पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. ज्या मताच्या हक्कासाठी झिजले, त्याच मताने त्यांना हरवलं. राज्यसभेत मात्र ते शेवटपर्यंत होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीला घटनेचं बळ मिळालं आणि सोबतच अनुसूचित जाती, जमाती व महिलांना राखीव जागा बंधनकारक झाल्या. म्हणजे गावाला अधिकार मिळाला, पण गावातल्या प्रत्येक माणसाला धरूनच. येत्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा किंवा नळजोडणीचा विषय निघेल, तेव्हा शेवटच्या घराच्या माणसालाही हात वर करून बोलता येतं. तो हात वर करायचा हक्क याच घटनेतून आला आहे.