पॉल ओत्ले: कागदी कार्डांवर लिंक जोडणारा माणूस

टीमच्या विकीत एखादं पान उघडलं की खाली ‘संबंधित पानं’ आपोआप दिसतात. ही कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची आहे, माहितीये?

पॉल ओत्ले यांचा जन्म १८६८ चा, ब्रसेल्सचा. शिकले वकिली, पण त्यात मन रमेना. १८९५ मध्ये मित्र आंरी ला फोंतेन यांच्यासोबत त्यांनी जगभरातल्या पुस्तकांची आणि लेखांची सूची कार्डांवर करायला घेतली. पुढे कार्डं एक कोटीच्या वर गेली.

खरी गंमत नंबरांत होती. ड्युई यांच्या दशांश पद्धतीत भर घालून त्यांनी प्रत्येक विषयाला नंबर दिला. नीतिशास्त्र १७, कला ७. दोन्हींचा संबंध सांगणारं पुस्तक असेल तर १७:७. मधला कोलन म्हणजे त्या काळची लिंकच! भाषा वेगळी असो की शीर्षक, नंबर जुळला की कार्डं शेजारी येत. टॅगवर चालणारी विकी आज हेच करते.

१९३४ मध्ये सरकारने त्यांची ‘मुंडानियम’ ही संस्था बंद केली. त्याच वर्षीच्या पुस्तकात त्यांनी घरबसल्या, टेलिफोनवरून, पडद्यावर पुस्तक वाचण्याची कल्पना मांडली. १९४० मध्ये जर्मनांनी जागा रिकामी करून बरंच साहित्य नष्ट केलं. १९४४ मध्ये ओत्ले गेले. उरलेली कार्डं आज बेल्जियममधल्याच मॉन्स शहरातल्या संग्रहालयात आहेत.

कार्डं नंबरामुळे जुळायची, पण नंबर माणूसच द्यायचा. म्हणून विकीत पान टाकताना टॅग नीट द्या. टॅग चुकला, तर पान असूनही कुणाला सापडणार नाही.