दिव्याखाली अंधार

रिडले स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ १९८२ साली पडद्यावर आला. भविष्यकाळातले लॉस एंजलिस शहर, अखंड पाऊस, काळोख, आणि त्या काळोखात ओल्या रस्त्यांवर सांडलेला जाहिरातींचा लाल-निळा प्रकाश! सोबतीला व्हँगेलिसचे सिंथेसायझरवरचे दीर्घ सूर. त्याच्या आदल्याच वर्षी मायकेल मानच्या ‘थीफ’ने शिकागोच्या रात्री अशाच रंगांत रंगवल्या होत्या आणि त्यांना टँजरिन ड्रीम या जर्मन वृंदाच्या संगीताची जोड दिली होती. पुढे निकोलस विंडिंग रेफ्नने ‘ड्राइव्ह’मध्ये (२०११) त्याच ऐंशीच्या दशकाची आठवण जागवली. या चित्रपटांचे दिग्दर्शक आणि संगीतकार रसिकांना ठाऊक असतात. पण ज्याच्या दिव्याने त्यांना हा रंग दिला, त्या जॉर्ज क्लोदचे चरित्र सहसा कोणी वाचत नाही. ते वाचण्याजोगे आहे, आणि मन अस्वस्थ करणारेही आहे.

क्लोदचा जन्म २४ सप्टेंबर १८७० रोजी पॅरिसमध्ये झाला. तिथल्याच भौतिक व रसायनशास्त्राच्या औद्योगिक विद्यालयातून तो पदवीधर झाला. प्रयोगशाळेतले ज्ञान कारखान्यात उतरवण्याची हातोटी त्याच्याकडे पहिल्यापासून होती. ॲसिटिलीन हा वायू दाबाखाली साठवला की स्फोट होई. तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवला तर निर्धास्तपणे वाहून नेता येतो, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर तो हवेच्या मागे लागला. जर्मनीत लिंडेने हवा द्रवरूप केलीच होती. क्लोदने दाबलेल्या हवेला प्रसरण पावताना यंत्राचा दट्ट्या ढकलायला लावले. काम करताना हवेची उष्णता खर्ची पडते आणि ती अधिक थंड होते, हे त्यामागचे तत्त्व. १९०२ मध्ये या पद्धतीला यश आले आणि त्याच वर्षी ‘एअर लिक्विड’ ही कंपनी उभी राहिली.

द्रवरूप हवेतून ऑक्सिजन वेगळा काढताना निऑन हा विरळ वायू आपोआपच हाती येई. १८९८ मध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी लंडनमध्ये तो शोधला होता, पण त्याचा उपयोग काय, हे कोणाला ठाऊक नव्हते. क्लोदने तो काचेच्या नळीत भरून त्यातून वीज सोडली. लालभडक उजेड पडला! मात्र नळी टिकेना. नळीच्या टोकांचे विद्युदग्र झिजत आणि वायूतील अशुद्धीने रंग बिघडे. त्याने वायू कसोशीने शुद्ध केला आणि विद्युदग्र मोठ्या आकाराचे केले, तेव्हा कुठे दिवा दीर्घायुषी झाला. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी तो प्रथम पाहिला.

क्लोदला घरे आणि सभागृहे उजळायची होती. पण त्या लाल उजेडात माणसांचे चेहरे विचित्र दिसत. घरात तो कोण लावणार? हा दोष म्हणजेच गुण आहे, हे ओळखले त्याच्या सहकाऱ्याने, झाक फोन्सेकने. १९१२ मध्ये पॅरिसमधील एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी झळकली, १९१९ मध्ये पॅरिस ऑपेराचे प्रवेशद्वार उजळले. अमेरिकेतील पेटंट १९१५ मध्ये मिळाले आणि पुढच्या दोन दशकांत या पाट्यांनी मोठ्या शहरांच्या रात्री व्यापून टाकल्या.

पैसा आला, कीर्ती आली. १९२४ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. तरीही तो स्वस्थ बसला नाही. समुद्राचे वरचे पाणी उबदार आणि खोलवरचे थंडगार. या फरकातून वीज काढता येईल, असे त्याचा स्नेही दार्सोनव्हाल याने सुचवले होते. १९३० मध्ये क्यूबातील मातान्झासच्या उपसागरात क्लोदने सुमारे २२ किलोवॉट वीज काढून दाखवली. पंप चालवायला त्याहून अधिक वीज लागत होती! पुढे ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जहाजावर केलेला प्रयत्नही समुद्राने मोडून काढला. या प्रयोगांत त्याने स्वतःची संपत्ती ओतली.

इथपर्यंतची कथा कोणत्याही थोर संशोधकाची म्हणून खपली असती. परंतु लोकशाहीवरचा त्याचा विश्वास कधीच उडाला होता आणि तो राजेशाहीवाद्यांच्या गोटात वावरत होता. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला, तेव्हा क्लोदने उघडपणे नाझींशी सहकार्याचा पुरस्कार केला, पत्रके लिहिली. ऐन सत्तरीत, कोणाची सक्ती नसताना, त्याने हे केले. मुक्तीनंतर, १९४४ च्या डिसेंबरात त्याला अटक झाली. अकादमीने त्याचे नाव काढून टाकले. १९४५ च्या खटल्यात उडत्या बाँबच्या निर्मितीला हातभार लावल्याचा आरोप टिकला नाही. पण शत्रूच्या प्रचाराबद्दल जन्मठेप झाली. १९५० मध्ये त्याची सुटका झाली आणि २३ मे १९६० रोजी सँ-क्लू येथे तो निवर्तला.

अशा माणसाचे काय करायचे? त्याच्या शोधाकडे पाहून अपराध माफ करावा, तर नाझींच्या छळछावण्यांत गेलेल्या लक्षावधी जिवांचा विसर पडतो. अपराधासाठी शोधच पुसावा, तर ते असत्य होईल. दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवणे, एवढेच प्रामाणिकपणाचे आहे. बुद्धीची झेप आणि विवेक ही दोन वेगळी दाने आहेत. एक मिळाले म्हणजे दुसरे मिळतेच असे नाही. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपणा सर्वांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

या दिव्याचा स्वभाव चित्रपटकारांनी मात्र अचूक हेरला. आपली समई स्वतः मंद जळते आणि देवाचा चेहरा उजळते. निऑनची नळी स्वतःकडे बघायला लावते. भोवतालचा काळोख ती घालवत नाही, उलट गडद करते. म्हणूनच ‘थीफ’मधला तिजोरीफोड्या आणि ‘ड्राइव्ह’मधला चोरांची गाडी हाकणारा तरुण तिच्या उजेडात शोभतात. ती माणसे पुरती वाईट नाहीत आणि निर्दोषही नाहीत. आज बऱ्याच पाट्यांतून निऑन जाऊन एलईडी आले आहेत, तरी पडद्यावर तो रंग टिकून आहे. पुढच्या वेळी तो दिसला, की त्याच्या सौंदर्याबरोबर त्याच्या निर्मात्याचाही पूर्ण हिशेब आठवावा.